जोड गार होतो, ताण आत राहतो: स्टेनलेस पाइपलाइनच्या ग्राहकांसाठी

बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो ती लालबुंद तापवून. पाणी पडलं की धाव आकसते आणि चाकाला करकचून आवळते. वेल्डिंगमध्ये हेच होतं, पण इथं ते आवळणं कुणालाच नको असतं. वितळलेला धातू गार होताना आकसू पाहतो, शेजारचा पाइप त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण जोडात कायमची कोंडून राहते. पुस्तकात तिला अवशिष्ट ताण म्हणतात, आमच्या शॉपवर नुसतं 'स्ट्रेस'.

स्टेनलेसमध्ये हा ताण जास्त येतो. १०० अंशांनी तापवला तर ३०४ चा (स्टेनलेसची नेहमीची ग्रेड) मीटरभर पाइप सुमारे १.७ मिमी वाढतो, साध्या पोलादाचा १.२ च्या आसपास. त्यात स्टेनलेसमधून उष्णता लवकर पसरत नाही, जोडापाशीच साठते. बडोद्यात मकरपुऱ्याला आमच्याकडे आलात तर वेल्डची उभी शिवण असलेल्या पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरून दाखवू. शेवटच्या घासाला टक् असा आवाज होतो आणि फट करवतीच्या पात्याहून रुंद उघडते. जोडाची डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून केलेली तपासणी) चीर दाखवते, हा ताण दाखवत नाही.

पातळ पाइपच्या गोल जोडापाशी पाइपची कंबर किंचित आवळते आणि आतल्या अंगाला ओढ बसते. नेमकं तिथूनच तुमचं पाणी किंवा केमिकल वाहतं. नुसत्या ताणानं पाइप सहसा फुटत नाही. सोबत क्लोराइड (पाण्यातल्या मिठाचा अंश) आणि साधारण ६० अंशांच्या वरची उष्णता आली की केसासारख्या फांद्याफांद्यांच्या चिरा पडतात. एका कारखान्यात आम्हीच जोडलेली गरम पाण्याची लाइन अशी झिरपली होती, आणि तीही बाहेरून. पावसात भिजलेलं लॅगिंग, म्हणजे उष्णता राखायला पाइपवर घातलेलं आवरण, तसंच गुंडाळलेलं राहिलं होतं.

"मग भट्टीत घालून स्ट्रेस काढून द्या," असं बरेच जण सांगतात. साध्या पोलादाला ६०० अंशांच्या आसपास तापवणं ठीक. स्टेनलेस ४५० ते ८५० अंशांत रेंगाळलं की कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि कणांच्या कडा गंजायला मोकळ्या होतात. खरा उपाय म्हणजे १०४० अंशांच्या वर नेऊन झटकन गार करणं. उभारलेल्या लाइनला ते जमत नाही. म्हणून आम्ही ३०४एल किंवा ३१६एल सुचवतो (कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के), करंट बेताचा ठेवतो आणि जोड १५० अंशांच्या खाली आल्याशिवाय पुढचा पास (वेल्डचा पुढचा थर) घेत नाही.

मात्र 'एल' ग्रेडनं ताण जात नाही. लाइन गरम आणि पाणी खारट असेल तर माल घेण्याआधी बोला. तिथं ३१६एलपेक्षा ड्युप्लेक्स २२०५ हे वेगळ्या जातीचं स्टेनलेस बरं. चौकशी पाठवताना तापमान आणि पाण्याचा क्लोराइड रिपोर्ट जोडा. हायड्रोटेस्टनंतर (पाण्याच्या दाबाच्या चाचणीनंतर) लाइन पूर्ण रिकामी करून वाळवा.

आणखी एक. साइटवर दोन टोकं जुळत नसली की चेन ब्लॉकनं (साखळीच्या कप्पीनं) ओढून जोडायचा आग्रह होतो. तो आम्ही मानत नाही, कारण ती ओढही जोडातच राहते. पाइप कापून नवा तुकडा बसवतो. त्यात अर्धा दिवस जातो. चूक आमच्या मापाची असेल तर तो बिलात लागत नाही.