पलाली : एका धावपट्टीचे दोन वाटेकरी

चेन्नईहून निघालेले विमान तास-सव्वा तासात उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याच्या पलाली विमानतळावर उतरते. शेजारीच श्रीलंकेच्या हवाई दलाचा तळ आहे. लष्कर आणि प्रवासी यांची ही वाटणी नीट समजायची, तर बरेच मागे जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने ही धावपट्टी बांधली. १० डिसेंबर १९४७ रोजी, म्हणजे श्रीलंका स्वतंत्र होण्याच्या दोन महिने आधी, एअर सिलोनचे पहिले विमान कोलंबोजवळच्या रत्मलानाहून निघाले आणि इथे थांबून मद्रासला गेले. जाफन्याच्या तमिळ घरांना तेव्हा मद्रास कोलंबोइतकेच जवळचे होते. १९८३ नंतर सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात यादवी पेटली आणि पलाली लष्करी छावणी झाली.

जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर भारतीय शांतिसेनेच्या पहिल्या तुकड्या विमानाने इथेच उतरल्या. दोनच महिन्यांनी याच तळावर सगळे बिनसले. श्रीलंकेच्या नौदलाने समुद्रात पकडलेल्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेच्या माणसांना इथे ठेवले होते, त्यांत कुमारप्पा आणि पुलेंद्रन हे दोन बडे कमांडर होते. त्यांना कोलंबोला न्यायचा हट्ट सरकारने सोडला नाही. ५ ऑक्टोबरला, विमानात चढवण्याआधीच, त्यांनी सायनाइड खाल्ले आणि १२ जण मेले. आठवडाभरात शांतिसेना आणि एलटीटीई समोरासमोर लढू लागले. ही दुर्घटना टाळता आली असती, असे माझे ठाम मत आहे.

१९९० मध्ये सरकार आणि एलटीटीई यांच्यात पुन्हा लढाई भडकली, तेव्हा तळाभोवतीची गावे रिकामी झाली. पुढे तो सगळा पट्टा 'अतिसुरक्षा क्षेत्र' ठरला. लाल मातीची सुपीक शेते, देवळे, शाळा, सगळे कुंपणाआड गेले. एप्रिल १९९५ मध्ये लागोपाठ दोन दिवशी हवाई दलाची दोन अ‍ॅव्हरो विमाने पलालीजवळ क्षेपणास्त्रांनी पाडली गेली.

तरीही लोकांना याच धावपट्टीवरून जावे लागे, कारण दक्षिणेकडे नेणारा ए-९ रस्ता बंद होता. उरले होते जहाज, नाहीतर विमान. आजाऱ्याला कोलंबोच्या इस्पितळात न्यायचे, तरी आधी लष्कराची परवानगी आणि मग तळावरची तपासणी. २९ सप्टेंबर १९९८ रोजी इथून उडालेले लायनएअरचे अँतोनोव्ह विमान मन्नारच्या समुद्रावर नाहीसे झाले, त्यात ५५ जण होते. एलटीटीईने ते पाडल्याचे मानले जाते. त्याचे अवशेष नौदलाला समुद्रतळाशी सापडायला २०१२ साल उजाडले. इतकी वर्षे नातेवाइकांच्या हाती काहीच नव्हते. लष्कर आणि प्रवासी एकाच तळावरून उडू लागले की नागरी विमानही नेमबाजाच्या टप्प्यात येते, आणि त्याची किंमत तिकीट काढणाऱ्याने मोजायची, हे मला अक्षम्य वाटते.

युद्ध मे २००९ मध्ये संपले, पण जमीन सुटायला फार वेळ लागला. याच पट्ट्यातले मयिलिट्टीचे मासेमारी बंदर २०१७ मध्ये, २७ वर्षांनी, लोकांना परत मिळाले. १७ ऑक्टोबर २०१९ रोजी पलालीचे 'जाफना आंतरराष्ट्रीय विमानतळ' म्हणून उद्घाटन झाले. चेन्नईची सेवा महिनाभरात सुरू झाली, कोविडमध्ये थांबली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा चालू झाली. मात्र या परिसरातली सगळी शेते अजून मोकळी झालेली नाहीत. विमानतळाच्या विस्ताराचा विषय निघाला की जुने मालक आधी आपल्या सातबाऱ्याचे, म्हणजे तिथल्या खरेदीखतांचे, काय होणार ते विचारतात.