‘होईल सगळं ठीक’ यामागचा इतिहास

आजारपण असो, परीक्षा असो की धंद्यातली खोट, आपण एकमेकांना ‘होईल सगळं ठीक’ असा धीर देतो. या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: चांगलं घडेल ही अपेक्षा आणि ते घडून गेल्याचं स्वप्नरंजन. पहिली माणसाला कामाला लावते; दुसरी अनेकदा त्याला जागीच बसवते. हा फरक प्रयोगांतून स्पष्ट व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

आशावादाची चर्चा सुरू झाली ती तत्त्वज्ञानात. शक्य असलेल्या सर्व जगांमध्ये आपलं जग सर्वोत्तम आहे, अशी मांडणी जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यांनी १७१० मध्ये केली. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आगीने उद्ध्वस्त झालं. त्या विनाशाचा दाखला देत फ्रेंच लेखक व्होल्तेअर यांनी १७५९ मध्ये ‘कांदीद’ ही उपहासात्मक कादंबरी लिहून लायब्निझ यांच्या मांडणीची खिल्ली उडवली. पण हा वाद जगाच्या रचनेचा होता. अपयश आल्यावर एक माणूस पुन्हा उठतो आणि दुसरा उठत नाही, असं का, हा प्रश्न त्यात नव्हता.

तो प्रश्न आला अमेरिकेत, १९६७ च्या सुमारास. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांच्या प्रयोगांत काही कुत्र्यांना विजेचे धक्के स्वतः थांबवता येत होते, काहींना नाही. (प्रयोग क्रूर होते, हे सांगायलाच हवं.) नंतर सुटकेची वाट मोकळी ठेवली, तरी दुसऱ्या गटातल्या बहुतेकांनी प्रयत्नच केला नाही. मग १९७८ मध्ये लिन एब्रामसन, सेलिगमन आणि जॉन टीसडेल यांनी माणसांबाबत वेगळा मुद्दा मांडला: घटनेइतकंच महत्त्व आपण तिचं कारण काय लावतो याला आहे. कारण कायमचं आहे की तात्पुरतं? सगळीकडे लागू आहे की एकाच बाबतीत? आपल्यात आहे की परिस्थितीत? ‘मला गणित जमतच नाही’ आणि ‘या वेळी भूमितीचा सराव कमी पडला’ ही एकाच गुणपत्रिकेची दोन स्पष्टीकरणं आहेत. दुसऱ्यात जबाबदारी टाळलेली नाही, पण उद्या काय करायचं ते त्यात सापडतं.

१९८५ मध्ये मायकेल शायर आणि चार्ल्स कार्व्हर यांनी आशावाद मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्या १९९४ च्या सुधारित रूपात दहा विधानं आहेत. गुण सहांचेच धरतात, तीन आशेची आणि तीन निराशेची. निराशेच्या विधानांचे गुण उलटे मोजतात. उरलेली चार केवळ भरीची. गुण धरलेल्या प्रत्येक विधानाला ० ते ४, म्हणजे एकूण ० ते २४. याच संशोधकांनी १९९३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि माझ्या मते या इतिहासातला तो सर्वांत मोलाचा टप्पा आहे. आशावादी स्त्रियांना मानसिक त्रास कमी झाला. पण त्या आजार नाकारत नव्हत्या. उलट तो आहे हे त्यांनी अधिक स्वीकारलं होतं.

दुसरी बाजूही पुढे आली. नील वाइनस्टाइन यांनी १९८० मध्ये दाखवलं की वाईट गोष्टी आपल्यापेक्षा इतरांवर ओढवण्याची शक्यता जास्त, असं बहुतेकांना वाटतं. १९९४ च्या एका कॅनेडियन अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असं सांगितलं, सगळंच बिनसलं तर सुमारे ४९ दिवसांत. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. त्यामुळे घराचं काम काढताना किंवा परीक्षेचं वेळापत्रक आखताना या वेळी किती दिवस पुरतील याचा विचार मागून करावा. आधी मागच्या वेळी किती लागले ते लिहून काढावं.

अपेक्षा आणि स्वप्नरंजन यांची फारकत मानसशास्त्रज्ञ गाब्रिएल ओटिंगेन यांनी केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन कमी करणाऱ्या २५ स्त्रिया होत्या. वजन उतरेल अशी खात्री असलेल्यांचं वजन जास्त उतरलं; सडपातळ झाल्याची गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं कमी. पुढे त्यांनी सुचवलेली पद्धत चार पायऱ्यांची आहे. आधी आवाक्यातली एक इच्छा ठरवायची. मग ती पूर्ण झाल्यावर मिळणारं सर्वांत चांगलं फळ डोळ्यांसमोर आणायचं. त्यानंतर आपल्याच आतला अडथळा शोधायचा. शेवटी ‘असं झालं, तर मी हे करीन’ अशी नेमकी योजना करायची. समजा, संध्याकाळी चालायला जायचं आहे: ‘घरी येऊन सोफ्याकडे वळलो, तर आधी बूट घालीन.’

क्रम बदलला की पद्धत फसते. अडथळा आधी आणि फळ नंतर अशा विचाराने तसा परिणाम दिसत नाही. ‘वेळच मिळत नाही’ असा बाहेरचा अडथळा लिहिला, तर योजना हवेत राहते. वेळ कुठे जातो, आपण तो का जाऊ देतो, इथपर्यंत खणावं लागतं. आणि अडथळा खरोखरच ओलांडता येण्याजोगा नसेल, तर या पद्धतीने माणूस ती इच्छा सोडून देतो. ओटिंगेन यांच्या मते तोही उपयोगच आहे: अडकलेली शक्ती दुसऱ्या कामासाठी मोकळी होते.