जठर लहान होण्याआधीचे आठवडे

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली, की रुग्णाच्या हातात आहाराचा एक कागद पडतो. शस्त्रक्रियेपूर्वीचे दोन ते चार आठवडे दिवसाला साधारण ८०० ते १२०० किलोकॅलरींवर भागवावे, असे त्यावर बहुधा लिहिलेले असते. वर्षानुवर्षे वजनाशी झगडून थकलेल्या माणसाला तो कागद पुन्हा एकदा घेतलेल्या परीक्षेसारखा वाटला, तर त्यात नवल नाही. खाणे कमी करणे जमत असते तर शस्त्रक्रियेपर्यंत आलोच कशाला, हा त्याचा प्रश्नही रास्त आहे. मात्र या आहाराचा रोख वजनकाट्याकडे नसून यकृताकडे असतो, आणि हे रुग्णाला आधी नीट समजावून सांगितले जात नाही, हीच या तयारीतली मोठी उणीव आहे असे मला वाटते.

जठराचा वरचा भाग पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असतो आणि त्याच्यावर यकृताचा डावा खंड पसरलेला असतो. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे होत असल्यामुळे जठरापर्यंत पोहोचण्यासाठी सर्जनला हा खंड उचलून बाजूला धरून ठेवावा लागतो. वजन खूप वाढलेल्या बहुसंख्य लोकांच्या यकृतात चरबी साठलेली असते. असे यकृत आकाराने मोठे, वजनाने जड आणि उचलताना सहज फाटेल इतके नाजूक झालेले असते. ते नीट बाजूला झाले नाही, तर मागचे जठर स्पष्ट दिसत नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि क्वचित प्रसंगी दुर्बिणीचा मार्ग सोडून पोट उघडावे लागते किंवा शस्त्रक्रियाच थांबवावी लागते.

समाधानाची गोष्ट अशी, की यकृत आहाराला फार लवकर प्रतिसाद देते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. आहारातली कर्बोदके कमी केली, की हा साठा एक-दोन दिवसांत खर्ची पडतो आणि त्याबरोबर पाणीही निघून जाते. त्यानंतर यकृतातली चरबी वापरली जाऊ लागते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी १२ आठवडे अत्यल्प कॅलरींचा आहार घेतलेल्या रुग्णांच्या यकृताचे आकारमान सरासरी १९ टक्क्यांच्या आसपास कमी झाले, आणि त्यातली सुमारे ८० टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली होती. अनेक ठिकाणी दोनच आठवड्यांचा आहार का सांगतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

म्हणूनच शेवटच्या आठवड्यातली 'निरोपाची' जेवणे महागात पडू शकतात. पुढे हे पदार्थ मनसोक्त खाता येणार नाहीत, या भावनेने आवडीचे पदार्थ एकदा भरपेट खाऊन घेण्याची ओढ फार जणांना होते आणि ती समजण्यासारखीही आहे. परंतु गोड आणि पिष्टमय पदार्थांच्या भरपूर जेवणाने ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबतचे पाणी यकृतात लगेच परत येऊ लागते. निरोप घ्यायचाच असेल, तर तो विशेष आहार सुरू होण्यापूर्वी घ्यावा, आणि शक्य झाल्यास खाण्याव्यतिरिक्त दुसऱ्या एखाद्या रीतीने घ्यावा.

या आहाराचे स्वरूप ठिकठिकाणी वेगळे असते. कुठे प्रथिनांची तयार पेये देतात, कुठे दूध आणि दही यांवर भर असतो, तर कुठे नेहमीचेच अन्न मोजूनमापून घ्यायला सांगतात. कर्बोदके आणि चरबी कमी, प्रथिने पुरेशी आणि पाणी भरपूर, एवढे सूत्र मात्र सगळीकडे सारखे असते. पहिले तीन-चार दिवस डोके दुखणे, थकवा, चिडचिड आणि बद्धकोष्ठता हे त्रास होऊ शकतात. त्यानंतर शरीर चरबीपासून तयार होणारे कीटोन वापरू लागते आणि पुष्कळांची भूक त्या सुमारास ओसरते. हे आधीच ठाऊक असले, तर तिसऱ्या दिवशी हार मानण्याची वेळ सहसा येत नाही.

मधुमेह असलेल्यांनी मात्र हा आहार स्वतःच्या मनाने कधीही सुरू करू नये. खाणे एकदम निम्म्यावर येते आणि इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या जुन्याच मात्रेत चालू राहतात, तेव्हा रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या औषधांचा धोका निराळा आहे: कर्बोदके कमी घेतली जात असताना ही औषधे चालू राहिली, तर साखर फारशी न वाढताही कीटोआम्लता, म्हणजे चरबीपासून बनणारे कीटोन साचून रक्त धोकादायक प्रमाणात आम्लधर्मी होणे, हा प्रकार घडू शकतो. त्यामुळे ती शस्त्रक्रियेच्या किमान तीन-चार दिवस आधी, आणि कधी विशेष आहार सुरू होतानाच, डॉक्टर थांबवतात. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचाही या काळात फेरविचार करावा लागतो.

वजन जास्त आहे म्हणजे पोषण भरपूर आहे, हा समज खरा नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांत ड जीवनसत्त्व, लोह, बी-१२ आणि फोलेट यांची कमतरता वारंवार आढळते, आणि शस्त्रक्रियेनंतर तीच अधिक गंभीर होऊ शकते. गॅस्ट्रिक बायपास या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची लहान पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते, आणि लोह व कॅल्शियम मुख्यतः त्याच भागात शोषले जाते. बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरात तयार होणारे आम्ल आणि एक विशिष्ट प्रथिन लागते, तेही कमी पडते. थायमिनचा, म्हणजे बी-१ चा, शरीरातला साठा तर काही आठवडेच पुरेल एवढा असतो. शस्त्रक्रियेनंतर उलट्या होत राहिल्या आणि हा साठा संपला, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. लोह भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून या तपासण्या तारखेच्या तोंडावर न करता पुरेशा आधी कराव्यात.

आता सवयींकडे वळू, कारण माझ्या मते तयारीचा सर्वांत कसदार भाग तोच आहे. एरवी जठरात लिटर-दीड लिटर अन्न मावते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो आणि उरते ती एक अरुंद नळी. बायपासमध्ये वर ठेवलेली पिशवी साधारण ३० मिलिलिटरची असते. अशा जठरात घाईने गिळलेला मोठा घास अडकतो, छातीच्या हाडामागे दुखू लागते आणि तो उलटून पडतो. आजचे जठर अशा चुका निमूटपणे सोसते. चुकत-माकत शिकण्याची मुभा असलेला काळ हाच आहे.

शिकायचे काय, तर घास लहान घेणे, तो पातळ होईपर्यंत चावणे आणि जेवणाला २० ते ३० मिनिटे देणे. घास तोंडात असताना चमचा खाली ठेवला, तर वेग आपोआप मंदावतो. जेवताना पाणी न पिता ते जेवणानंतर अर्ध्या तासाने पिणे ही सवय अनेकांना सर्वांत जड जाते, म्हणून तिची सुरुवात सर्वांत आधी करावी. पाणी दिवसभर घोटाघोटाने प्यायचे असते, कारण नव्या जठरात एका वेळी पेलाभर पाणी मावणार नाही आणि पहिल्या आठवड्यांत रुग्ण रुग्णालयात परतण्याचे एक नेहमीचे कारण शरीरातले पाणी कमी होणे हे असते. ताटातली प्रथिने आधी संपवावीत, कारण पुढे दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने एवढ्याशा जागेत बसवायची असतात. पोट भरल्याची खूणही बदलते: बरगड्यांच्या मध्याखाली दाब जाणवणे, एखादी उचकी, काहींना नाकातून पाणी येणे. त्या खुणेपाशी थांबणे जमायला हवे असेल, तर आज पोट 'पुरे' म्हणते तो क्षण ओळखण्याचा सराव आतापासून करायला हवा. हे सगळे एकाच दिवशी सुरू करू नये. दर आठवड्याला एक सवय अंगवळणी पाडली तरी पुरते.

भूक आणि खाणे या दोन गोष्टी नेहमी एकत्र येत नाहीत. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेले घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते, आणि स्लीव्ह शस्त्रक्रियेत तोच भाग काढला जात असल्याने भूक बरीच मंदावते. परंतु कंटाळा आला, काळजी वाटली किंवा रात्री एकटेपण जाणवले म्हणून होणाऱ्या खाण्यावर घ्रेलिन कमी झाल्याने फारसा फरक पडत नाही. गोड पेये आणि आइस्क्रीम तर लहान जठरातूनही सहज सरकून जातात. यासाठी काही आठवडे वही ठेवावी आणि काय खाल्ले, किती वाजता, त्या वेळी मनात काय होते, एवढे तिच्यात लिहावे. ती वही कुणाला दाखवण्यासाठी नसते. थांबवता न येणारे, लपून होणारे खाणे तिच्यात वारंवार दिसले, तर ते आहारतज्ज्ञांना आणि समुपदेशकांना मोकळेपणाने सांगावे. हा उपचार करण्याजोगा आजार आहे आणि त्याचा उपचार शस्त्रक्रियेआधी सुरू होणे हिताचे असते. मद्याबद्दलही तसेच: बायपासनंतर मद्य रक्तात झपाट्याने चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो.

धूम्रपान किमान सहा आठवडे आधी थांबवावे आणि पुन्हा सुरू करू नये, कारण त्यामुळे जखमा उशिरा भरतात, फुप्फुसांचे विकार वाढतात आणि बायपासच्या जोडावर व्रण होतात. रोज चालावे. झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल, तर त्याचे यंत्र आतापासून नियमित वापरावे.

आदल्या रात्रीचे नियम भूलतज्ज्ञ सांगतात. साधारणपणे भूल देण्यापूर्वी सहा तास घन अन्न आणि दोन तास साधे पाणीही वर्ज्य असते. वजन किंवा मधुमेहासाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने चालू असतील, तर जठर रिकामे व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून ती माहिती बरीच आधी द्यावी. नियम मोडून काही खाल्ले गेले असेल, तर तेही संकोच न करता सांगावे. शस्त्रक्रिया फार तर पुढे ढकलली जाईल. न सांगितल्यास मात्र भुलीत असताना ते अन्न उलटून फुप्फुसांत जाऊ शकते.