पार्श्वभूमी : डेटोनाची दगडी तबकडी आणि ‘स्टोन’ या शब्दाचा गुंता

मागच्या महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका घड्याळजीकडे पांढऱ्या सोन्यातलं जुनं रोलेक्स डेटोना तपासायला आलं होतं. कातडी पट्टा, गडद निळी तबकडी आणि तिच्यातून गेलेल्या दुधाळ शिरा. घ्यायला निघालेल्या गृहस्थांबरोबर त्यांचा भाचा होता. त्यानं घड्याळ दोनदा उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं, “मामा, तुम्ही तर स्टोन डायल म्हणाला होतात. यात स्टोन कुठेयत?”

प्रश्न रास्त होता. बडोद्याच्या सराफीत ‘स्टोन’ म्हणजे खडे. ‘स्टोन डायल’ मागितली की दुकानदार आकड्यांच्या जागी हिरे बसवलेली तबकडी पुढे ठेवतो. या घड्याळात मात्र अख्खी तबकडीच दगडाची, सोडालाइटची चकती आहे. एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यांच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक असतो.

घड्याळ नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातलं. डेटोना हा क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ. त्याच्या मशीनची गोष्ट १९६९ पासून धरावी. चावी न देता चालणारा क्रोनोग्राफ त्या वर्षी तीन ठिकाणी जवळपास एकदमच तयार झाला. त्यांपैकी स्वित्झर्लंडमधल्या ले लोक्लच्या कारखान्यातलं ‘एल प्रिमेरो’ तासाला ३६,००० ठोके देणारं होतं, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग मोजता येईल इतकं चपळ. पुढे बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांची लाट आली. १९७५ मध्ये त्या कारखान्याच्या परदेशी मालकांनी यांत्रिक मशीनचं उत्पादन थांबवून साचे आणि हत्यारं भंगारात काढायचा हुकूम सोडला. तिथल्या एका जुन्या कारागिरानं तो मानला नाही. साचे, कटर, कागदपत्रं त्यानं एकेक करून पोटमाळ्यावर लपवली आणि काय कुठे ठेवलंय ते लिहून ठेवलं. त्या एका माणसाच्या हट्टावर पुढचं सगळं उभं आहे. ऐंशीच्या दशकात रोलेक्सला ऑटोमॅटिक डेटोना काढायचं होतं, तेव्हा हेच मशीन हाताशी होतं.

१९८८ च्या डेटोनात ते आलं ते दोनशेहून अधिक बदल करून. ठोके २८,८०० वर आणले, तारीख काढली, बॅलन्स चाक नवं बसवलं. चपळाई घालवली म्हणून आजही हळहळणारे लोक आहेत. माझ्या मते निर्णय बरोबर होता, कारण ठोके कमी म्हणजे तेलावरचा ताण कमी आणि सर्व्हिसिंग लांबतं. २००० साली रोलेक्सनं स्वतःचं मशीन आणलं आणि ही पिढी संपली. ओळखायची खूण सोपी आहे. १९८८ ते २००० च्या घड्याळात सतत चालणारा छोटा सेकंदकाटा ९ च्या बाजूला असतो, त्यानंतरच्यात ६ च्या वर. दगडी तबकडीच्या बाबतीत ही खूण फार कामाला येते, ते पुढे सांगतो.

घड्याळात दगड आला तो मशीन पातळ झाल्यामुळे. १९५७ मध्ये एका स्विस कंपनीनं अवघ्या २ मिलिमीटर जाडीचं मशीन काढलं आणि १९६३ पासून त्यावर लाजवर्द (लॅपिस लाझुली), मॅलकाइट, टायगर्स आय यांच्या तबकड्या बसवायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात रोलेक्सच्या डे-डेटमध्येही दगड दिसू लागला. तिथे मध्यभागी एक भोक आणि वार-तारखेच्या दोन खिडक्या पुरतात. क्रोनोग्राफला काट्यांसाठीच चार भोकं लागतात. दगडाची चकती असते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, खाली पितळेचा पत्रा चिकटवलेला. भोक पाडताना शिरेवर ताण आला की चकती कडेपर्यंत तडकते आणि तोवरची सगळी मेहनत वाया जाते. दगडी तबकडीचे क्रोनोग्राफ दुर्मीळ आहेत त्याचं खरं कारण हे. सोनं हवं तेवढं मिळतं.

दगडाला भोक पाडण्याचं मोल आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. बडोद्याहून दोनेक तासांवर खंबायत आहे. रतनपूरचा अकीक तिथे मडक्यात भाजून लाल करतात आणि टोकाला हिऱ्याच्या कणी बसवलेल्या सामत्यानं, म्हणजे गिरमिटानं, त्याला भोक पाडतात. लोथलच्या उत्खननात मण्यांचा कारखानाच सापडला. पण अकीक कठीण आणि चिवट, शिवाय मणी जाड. सोडालाइट त्याहून मऊ, मॅलकाइट तर फारच मऊ.

आता शब्दाचा गुंता. खडे बाजूला ठेवले तरी तो सुटत नाही. व्यापारी ‘स्टोन डायल’ या एका नावाखाली निदान चार गोष्टी विकतात. पहिली खरी खनिजं आणि खडक : सोडालाइट, लाजवर्द, ऑनिक्स. दुसरा शिंपला, जो दगड नाहीच. तिसरं अॅव्हेंचुरिन म्हणून येणारी चमचमती काच. आपल्याकडे खड्यांच्या बाजारात तीच सनसितारा नावानं मिळते, आणि ती माणसानं भट्टीत बनवलेली आहे. चौथी अशनीची, म्हणजे आकाशातून पडलेल्या उल्केच्या तुकड्याची, चकती. नामिबियातल्या गिबियन अशनीच्या चकत्या डेटोनात वापरल्या गेल्या. पण तो अशनी लोखंड आणि निकेलचा आहे. आम्लात धुतल्यावर दिसणारी तिची आडवीतिडवी नक्षी धातूच्या स्फटिकांची असते. लोखंड असल्यामुळे तिला गंजाची भीती, दगडाला तडकण्याची. दोन्हींची निगा वेगळी, दोष वेगळे, मग नाव एक का? विकणाऱ्याला ते सोयीचं पडतं म्हणून. माझा आग्रह असा की पावतीवर पदार्थाचं नाव लिहून घ्यावं. ‘स्टोन’ लिहिलेल्या पावतीनं उद्या काहीच सिद्ध होत नाही.

निळ्या दगडात आणखी एक गल्लत चालते. सोडालाइट लाजवर्द म्हणून खपवला जातो. लाजवर्दात सोनमाखीचे पिवळे कण चमकतात. सोडालाइटमध्ये बहुधा पांढऱ्या शिरा असतात आणि ते कण जवळजवळ नसतातच. दहापटीचं भिंग आणि तिरपा उजेड एवढ्यावर बरंच कळतं.

तबकडी त्याच घड्याळाची आहे का, हा सगळ्यात वादाचा मुद्दा, आणि इथे ती सेकंदकाट्याची खूण उपयोगी पडते. २००० नंतरच्या मशीनमध्ये ३ आणि ९ च्या बाजूची छोटी वर्तुळं मध्यरेषेच्या किंचित वर असतात, आधीच्या मशीनमध्ये बरोबर रेषेवर. म्हणून एका पिढीची दगडी तबकडी दुसरीत बसत नाही. छापील अक्षरं पुसून नवी करता येतात, भोकं हलवता येत नाहीत. अर्थात मागाहून बाहेर बनवलेली तबकडी योग्य जागी भोकं पाडूनही येऊ शकते. तिथे मग दगडाची जाडी, भोकांच्या कडा आणि मागचे पाय (तबकडी मशीनला पकडून ठेवणाऱ्या खुंट्या) पाहावे लागतात, म्हणजे घड्याळ उघडावं लागतं. न उघडता ‘ओरिजिनल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

बाजार तापला तो अलीकडे. जुलै २०२० मध्ये हाँगकाँगच्या लिलावात लाजवर्दी तबकडीचं प्लॅटिनम डेटोना ३२ लाख डॉलरांच्या वर गेलं. याच पिढीचं, १९९९ च्या सुमारास कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखानं करवून घेतलेलं मानलं जातं. त्यानंतर सोडालाइटच्या घड्याळांकडेही लोक वळले. आपल्याकडे वापरलेलं घड्याळ व्यापारासाठी आयात करायला परवाना लागतो, त्यामुळे बडोद्यात दिसणारे नग बहुतेक परदेशात राहिलेल्या नातेवाइकांच्या मनगटावरून आलेले असतात. कागद अर्धवट असतात. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवर विक्रेत्याला गिऱ्हाइकाकडून १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर, घ्यावा लागतो. यामुळे निदान व्यवहाराची नोंद तरी राहू लागली.

दांडिया बाजारातल्या त्या तबकडीला ३ च्या बाजूच्या भोकापासून कडेपर्यंत एक केसाएवढी रेष आहे. समोरून दिसत नाही, दिवा तिरपा धरला की दिसते. विकणाऱ्यानं तबकडी बदलून द्यायची तयारी दाखवली. दगडी तबकडी बदलली की जुनी सहसा परत मिळत नाही, आणि तिच्या शिरांसारख्या शिरा दुसऱ्या कुठल्याच चकतीत नसतात. गृहस्थांनी नवा पट्टा घेतला, रेषेचा उल्लेख पावतीवर लिहवून घेतला आणि तबकडी तशीच ठेवली.