संस्थांचे स्वलेखन (विकिपीडिया)

संस्थांचे स्वलेखन : कंपनी, बँक, शिक्षणसंस्था, सरकारी खाते किंवा राजकीय पक्ष यांनी आपल्या कर्मचाऱ्यांकडून किंवा पैसे देऊन नेमलेल्या माणसांकडून विकिपीडियावर स्वतःविषयीची नोंद लिहून घेणे, बदलणे अथवा तिच्यातला नकोसा मजकूर काढून टाकणे. विकिपीडियाच्या परिभाषेत हा हितसंबंधांच्या संघर्षाचा एक प्रकार आहे.

अशा नोंदीत धडधडीत खोटे क्वचितच असते. आपली स्थापना कधी झाली, पहिली इमारत कुठे होती, हे संस्थेला इतर कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असते. पण विश्वकोशाला हवे असते ते संस्थेबद्दल इतरांनी, स्वतंत्रपणे, छापील किंवा तपासता येईल अशा ठिकाणी काय लिहिले आहे ते. मराठीत याची खूण चटकन पटते. ‘कै. अण्णासाहेबांनी लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे’ या वाक्याने नोंद सुरू झाली की ती संस्थेच्या कार्यालयातूनच आली, हे सांगायला नोंदीच्या ‘इतिहासाचे’ पान, म्हणजे कोणी कधी काय बदलले त्याची यादी, उघडावे लागत नाही. त्या वाक्यात साल नाही, गाव नाही, विद्यार्थिसंख्या नाही. शाखा किती ते पुढे येईल, पण प्राध्यापकांचा संप किंवा थकलेले पगार कधीच येणार नाहीत. स्वलेखनाचा खरा दोष या गाळण्यात आहे, आणि वाचणाऱ्याला गाळलेले दिसत नाही.

२००१ साली विकिपीडिया सुरू झाला, तेव्हा कुणीही संपादन करावे, हेच त्याचे बळ होते. संस्थांनाही ती वाट मोकळीच मिळाली. १७ नोव्हेंबर २००५ रोजी मतदानयंत्रे बनवणाऱ्या डीबोल्ड या अमेरिकन कंपनीच्या नोंदीतून यंत्रांच्या सुरक्षिततेवरील टीकेसह पंधरा परिच्छेद एका अनामिकाने उडवले. ते लगेच परत आणले गेले, पण उडवणारा कोण, हे दोन वर्षे कळले नाही. ऑगस्ट २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ‘विकिस्कॅनर’ हे साधन खुले केले. तेव्हा खाते न उघडता केलेल्या संपादनाबरोबर संगणकाचा अंकपत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) सर्वांना दिसेल असा नोंदला जाई. ते अंकपत्ते कोणत्या संस्थेच्या नावावर आहेत, हे त्याने जुळवून दाखवले. डीबोल्डचे ते संपादन कंपनीच्याच जाळ्यातून झालेले निघाले. सीआयए आणि व्हॅटिकन इथल्या संगणकांवरूनही संपादने झालेली दिसली.

एप्रिल २०१७ मध्ये बर्गर किंग या खाद्यसाखळीने अमेरिकेत पंधरा सेकंदांची एक जाहिरात दाखवली. पडद्यावरचा नोकर शेवटी विचारतो, ‘ओके गूगल, व्हॉपर बर्गर म्हणजे काय?’ हे ऐकून घरातले गूगल होम हे आवाजावर चालणारे यंत्र जागे होई आणि विकिपीडियातल्या नोंदीचे पहिले वाक्य वाचून दाखवी. ते वाक्य आठवडाभर आधीच बदलून ठेवलेले होते. साध्या व्याख्येच्या जागी आचेवर भाजलेल्या शंभर टक्के बीफचे वर्णन आले होते, आणि बदल करणाऱ्या खात्याचे नाव कंपनीच्या विपणनप्रमुखाच्या नावाशी मिळतेजुळते होते. जाहिरात लागताच लोकांनी नोंदीत सायनाइडसारखे ‘घटक’ घुसडले. गूगलने काही तासांतच हे उत्तर बंद केले. स्वयंसेवकांनी सांभाळलेली नोंद दुसऱ्याच्या घरात परस्पर जाहिरात म्हणून वाजवली गेली. हा विश्वासघातच होता.

पैसे घेऊन लिहून देणाऱ्यांचा धंदा याहून मोठा आहे. २०१३ मध्ये ‘विकी-पीआर’ या कंपनीशी संबंधित असल्याच्या संशयावरून अडीचशेहून अधिक कळसूत्री खाती बंद झाली. एकच हात अनेक नावांनी लिहीत असतो, म्हणून त्यांना हे नाव. जून २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापर-अटींनुसार मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने मालक आणि ग्राहक कोण हे उघड सांगणे बंधनकारक झाले. तरी २०१५ मध्ये ‘ऑरेंजमूडी’ प्रकरण उघडकीस आले. नाकारलेल्या मसुद्यांवर या टोळीचे लक्ष असे. ज्याच्याविषयी असा मसुदा असे, त्या छोट्या व्यावसायिकाला किंवा कलावंताला ती गाठून पैशांच्या मोबदल्यात नोंद चढवून देई, आणि पुढे ती ‘जपण्यासाठी’ पुन्हा पैसे मागे. ३८१ खाती बंद झाली, २१० लेख हटवले गेले. यात लुबाडले गेलेले लोक बहुतेक नियम ठाऊक नसलेले होते, हे विसरता कामा नये. त्याच वर्षी आयआयपीएम या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या नोंदीला सतत झुकते माप दिल्याच्या प्रकरणात इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकाचे (लेख हटवण्याचे, खाती बंद करण्याचे अधिकार असलेल्या सदस्याचे) अधिकार लवाद समितीने काढून घेतले आणि त्याच्यावर बंदी घातली.

संस्थेला काहीच करता येत नाही, असे मात्र नाही. शुद्धलेखन, उघड तोडफोड, चुकलेला आकडा असे बिनवादाचे बदल चालतात. बाकी सगळ्यासाठी नोंदीचे चर्चा पान आहे. आपण कोण ते सांगावे, हवा तो बदल आणि त्याचा आधार मांडावा, निर्णय दुसऱ्यावर सोडावा. इंग्रजीत संस्थेच्या नावाने खाते चालत नाही, एका खात्यामागे एकच माणूस लागतो. जर्मन विकिपीडियावर मात्र संस्था पडताळणी करून आपल्या नावाचे खाते उघडू शकते, आणि ही रीत अधिक प्रामाणिक वाटते. आणखी एक अडचण नेहमी येते. स्वतःच्या संकेतस्थळावरचा मजकूर संस्था जसाच्या तसा चिकटवते आणि तो प्रताधिकारभंग म्हणून उडतो. मजकूर आपलाच असला, तरी तो मुक्त परवान्याखाली दिल्याशिवाय चालत नाही.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर हा प्रश्न वेगळ्या कारणाने अवघड होतो. तिथे राबणारे हात थोडे. इंग्रजीत काही मिनिटांत हटणारी जाहिरात मराठीत बराच काळ तशीच राहू शकते आणि दरम्यान शोधयंत्रे तिला उचलतात. उलट, पतसंस्था, वाचनालये, तालुक्याच्या शिक्षणसंस्था यांच्याविषयी स्वतंत्र लेखन मुळातच कमी, म्हणून चांगली नोंदही आधाराअभावी अडते. अशा वेळी संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका किंवा वार्षिक अहवाल स्थापनावर्ष, पत्ता, संचालक मंडळ एवढ्यापुरता वापरता येतो. थोरवीसाठी नाही. ती लिहायची, तर वृत्तपत्र, गॅझेटिअर किंवा बाहेरच्या अभ्यासकाचा ग्रंथ हवा, आणि तो हाताशी घेऊन मसुदा आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) टाकून चावडीवर (सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) दाखवावा.