ग्रीन कार्डचा अर्ज पडलाय आणि आखाजीला गावी यायचंय: अमेरिकेतल्या एफ-१ वाल्यांनी तिकिटाआधी काय पाहायचं

अमळनेरला माझ्या बहिणीच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. मुहूर्त आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासचा निघाला आणि पत्रिका छापायला जायच्या आधीच टेक्सासला फोन लागला. “लगीनले येशी ना रे भाऊ?” हा भाऊ म्हणजे माझा भाचा. एम.एस. संपवून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, नोकरी करत होता, अमेरिकेत जन्मलेल्या मुलीशी लग्न होऊन चार महिने झाले होते आणि ग्रीन कार्डचा अर्ज भरलेला होता. पासपोर्टवर एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा, व्हिसा, मुदत अजून दोन वर्षं शिल्लक. इथल्या एका एजंटने त्याच्या वडिलांना सांगून टाकलं होतं की व्हिसा चालू आहे ना, मग बिनधास्त बोलवा. पोरगा त्या भरवशावर विमानात बसला असता, तर अर्ज त्याने स्वतःच सोडून दिला असं तिकडे धरलं गेलं असतं.

एजंट खोटं बोलला नव्हता, व्हिसा खरंच चालू होता. पण व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायचा परवाना. आत आल्यावर तुम्ही कोण म्हणून राहता, ते विमानतळावर होणाऱ्या आय-९४ च्या नोंदीवर असतं. आणि बाहेर पडलात तर मागे काय शाबूत राहील, हे तुमचा कोणता कागद कोणत्या टेबलावर पडलाय यावर ठरतं. म्हणून तारखा बघण्याआधी तो कागद शोधायचा.

अजून काहीच भरलेलं नाही

हे सगळ्यात सोपं. परत जाताना पासपोर्ट, मुदतीतला एफ-१ व्हिसा आणि प्रवासाची सही असलेला आय-२०, म्हणजे विद्यापीठ देतं तो विद्यार्थी असल्याचा कागद, हवा. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाची ही सही शिकत असताना एक वर्ष चालते, ओपीटीवर असताना सहा महिनेच. ओपीटीवाल्यांनी कामाच्या परवान्याचं ईएडी कार्ड आणि नोकरी चालू असल्याचं कंपनीचं पत्रही सोबत ठेवावं. ओपीटीत नोकरीशिवायचे एकूण ९० दिवसच मिळतात, आणि नोकरी नसताना गावी काढलेले दिवसही त्यातच धरले जातात. सलग पाच महिन्यांच्या वर अमेरिकेबाहेर राहिलात तर विद्यार्थी म्हणूनची जुनी नोंद बहुधा संपते आणि नव्या आय-२० पासून सुरुवात करावी लागते.

व्हिसाची मुदत संपली असेल तर मुंबई. महाराष्ट्र बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वकिलातीच्या हद्दीत येतो. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, १८५ डॉलर भरायचे, बोटांचे ठसे एके दिवशी आणि इंटरव्ह्यू दुसऱ्या दिवशी. पूर्वी जुन्या व्हिसाच्या जोरावर बऱ्याच जणांचा इंटरव्ह्यू टळायचा. २ सप्टेंबर २०२५ पासून विद्यार्थ्यांची ती सवलत जवळजवळ बंद झाली आहे. सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगतात, तेही जून २०२५ पासूनच. भुसावळहून रात्रीची गाडी पकडून सकाळी मुंबईत उतरणं आपल्याला नवीन नाही; पण इंटरव्ह्यूची तारीख हातात आल्याशिवाय परतीचं तिकीट पक्कं करू नका. कधी कधी इंटरव्ह्यू चांगला होऊनही निर्णय तूर्त थांबवल्याची २२१(जी) ची चिठ्ठी हातात ठेवतात आणि पुढे तपासणीत आठवडे जातात. कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन आल्यास संपलेल्या व्हिसावरही परत शिरता येण्याची एक तरतूद आहे. तिचा आधार घेऊन भारतात येता येत नाही, हे सांगायचं कारण म्हणजे मला दोघांनी तसं विचारलंय.

तुमच्यासाठी कोणीतरी पिटिशन टाकली आहे

पिटिशन म्हणजे ग्रीन कार्डसाठी तुमच्या वतीने दुसऱ्याने केलेली मागणी. नवरा, बायको किंवा आईवडिलांनी टाकलेली आय-१३०. कंपनीने टाकलेली आय-१४०. नुसत्या या कागदाने प्रवासाला बंदी येत नाही. अडचण येते ती हेतूची. एफ-१ हा शिकून परत जाणाऱ्याचा व्हिसा आहे, आणि अमेरिकी कायद्याच्या कलम २१४(बी) प्रमाणे समोरचा माणूस कायमचा राहायला आलाय असंच आधी धरलं जातं. तसं नाही हे पटवायचं काम तुमचं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला ही अट नाही, त्यावर असताना ग्रीन कार्डची इच्छा उघड बाळगता येते. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, म्हणजे यूएससीआयएसने, डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या धोरणात लिहून टाकलं की पिटिशन असलेला विद्यार्थीही परत जायचा हेतू दाखवू शकतो. हा दिलासा खरा आहे, पण मुंबईच्या खिडकीपलीकडे बसलेला अधिकारी निर्णय आपल्या अखत्यारीत घेतो.

डीएस-१६० मध्ये सरळ प्रश्न आहे: तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन दाखल केली आहे का? केली असेल तर ‘हो’च लिहायचं. “नाही लिही, त्यांना काय कळतंय” हा सल्ला आपल्याकडे चहाबरोबर फुकट मिळतो. त्यांना कळतं, कारण ती पिटिशन त्यांच्याच सरकारकडे पडलेली असते. खोटं उत्तर सापडलं तर प्रवेशाला कायमची बंदी लागू शकते. नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो, खोटेपणाचा शेरा पुसणं मात्र फार अवघड. म्हणून या टप्प्यावर पासपोर्टवर चालू व्हिसा असेल तरच गावी या, तो संपला असेल तर शक्यतो येऊ नका, असं माझं मत आहे.

यातलाच एक उपप्रकार: सुट्टीत गावी येऊन लग्न केलं, एफ-१ वर परत गेलं आणि लगेच ग्रीन कार्डचा अर्ज भरला. आत शिरताना विद्यार्थी म्हणून शिरायचं आणि मनात कायमचं राहायचं ठरवलेलं असायचं, याला फसवणूक म्हणता येते. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत असं वागणं झालं तर परराष्ट्र खातं संशयानेच बघतं.

एच-१बी साठी ‘चेंज ऑफ स्टेटस’, म्हणजे अमेरिकेत राहूनच एफ-१ चा एच-१बी करून घेणं, मागितला असेल आणि तो मंजूर होण्याआधी बाहेर पडलात, तर तेवढा बदलाचा भाग सोडून दिल्यासारखा होतो. पिटिशन मंजूर होऊ शकते, पण मग एच-१बी चा व्हिसा मुंबईहून घेऊनच परत जावं लागतं.

आय-४८५ पडलाय: इथे थांबा

माझा भाचा होता तो हाच टप्पा. आय-४८५ म्हणजे अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागायचा अर्ज. तो पडून असताना ॲडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, मंजूर झाल्याशिवाय देशाबाहेर गेलात, की अर्ज सोडून दिला असं धरतात. एच-१बी आणि एल-१ (कंपनीने बदलीवर अमेरिकेत आणलेले) वाले व त्यांचे जोडीदार यांना मुख्यतः यातून सूट आहे. एफ-१ ला नाही. कंपनीतला एच-१बी वाला मित्र “मी तर आय-४८५ टाकून तीनदा जळगावला जाऊन आलो” म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो, पण त्याचा नियम तुमच्या कामाचा नाही.

एफ-१ वर असताना आय-४८५ पर्यंत पोचतो कोण? नोकरीच्या रांगेतून आपले लोक क्वचितच. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा. भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीच्या गटांची रांग वर्षानुवर्षं रेंगाळते. तेव्हा बहुतेक करून अमेरिकी नागरिकाशी लग्न झालेले असतात, कारण त्यांना रांगच नाही. किंवा दुसऱ्या देशात जन्मलेल्या जोडीदाराच्या कोट्यातून येणारे. रांग जन्माच्या देशावर ठरते, नागरिकत्वावर नाही.

ॲडव्हान्स परोलसाठी फॉर्म आय-१३१. अर्जदार अमेरिकेत हवा आणि आय-४८५ प्रलंबित हवा, एवढी मुख्य पात्रता. सोबत आय-४८५ ची पोच, पासपोर्टची किंवा फोटो असलेल्या ओळखपत्राची प्रत आणि दोन बाय दोन इंचाचे दोन फोटो. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकात आय-४८५ ची फी १,४४० डॉलर आणि आय-१३१ ची ६३० डॉलर वेगळी आहे; दर बदलतात, भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या साइटवर पाहून घ्या. दोन्ही अर्ज एकत्रच टाकावेत. परोल हातात येण्याआधी निघालात तर आय-४८५ जातोच, बहुतेक वेळा आय-१३१ सुद्धा सोडलेला धरतात. भाच्याने दोन्ही एकत्रच टाकले होते, पण मंजुरी आली नव्हती. तो आला नाही. अंगणात त्याच्या बहिणीला हळद लागत होती तेव्हा तिकडे सकाळचे साडेआठ वाजले होते. त्याच्या आईने मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यावरही हळदीचं बोट उमटलं होतं.

घरात कोणी अत्यवस्थ असेल किंवा मयत झालं असेल तर तातडीच्या परोलची सोय आहे. यूएससीआयएसच्या संपर्क केंद्राला फोन करून जवळच्या कार्यालयाची वेळ मागायची, भरलेला आय-१३१, फी, फोटो आणि पुरावा घेऊन जायचं. हा पुरावा इथून जातो, आणि घरच्यांची धावपळ इथेच होते. दवाखान्याच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, रुग्णाचं नाव, आजार, तारीख, डॉक्टरची सही आणि शिक्का. ‘पेशंट सिरियस’ एवढं लिहिलेली चिठ्ठी पुरत नाही. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून. मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर, आणि भाषांतर करणाऱ्याने सहीनिशी लिहायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे. यूएससीआयएसला त्यावर नोटरी लागत नाही. कोर्टाबाहेर बसलेल्याला त्यासाठी पैसे देऊ नका.

परोलवर परत जाताना व्हिसा दाखवायचा नसतो. पासपोर्ट, परोलचा कागद आणि आय-४८५ ची पोच एकत्र ठेवा, कारण मुंबईच्या काउंटरवरचा पोरगा हा कागद पहिल्यांदाच बघत असू शकतो. वाटेत विमान बदलणार असाल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागेल का ते एअरलाइनला आधी विचारा, कारण चालू अमेरिकी व्हिसावर मिळणारी सूट परोलच्या कागदावर मिळेलच असं नाही. अमेरिकेत उतरल्यावर बाजूच्या खोलीत बसवतात, तासभर किंवा जास्त. घाबरायचं कारण नाही.

आता किंमत सांगतो. परोलवर आत गेलात की तुम्ही एफ-१ वर उरत नाही. उद्या आय-४८५ नाकारला गेला तर परत विद्यार्थी म्हणून पाय टेकायला जागा नसते. कॅम्पसवरचं काम, ओपीटी, सगळं एफ-१ वर टेकलेलं. परोलनंतर काम करायला आय-४८५ वर मिळालेलं ईएडी कार्ड हवं. ज्याचा अर्ज थोडाही डळमळीत आहे त्याने एफ-१ सांभाळून तिकडेच थांबावं.

गावी आलातच तर

ही फेरी नुसती भरीत-कळण्याच्या भाकरीवर घालवू नका. ग्रीन कार्डच्या फाइलीतला सगळ्यात चिवट कागद जन्माचा दाखला आहे आणि तो इथेच मिळतो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण आईच्या माहेरी. म्हणजे तुम्ही वाढलात धुळ्यात आणि नोंद यावल तालुक्यातल्या मामाच्या गावच्या ग्रामपंचायतीत. रजिस्टर उघडलं की कित्येकदा बाळाच्या नावाची जागा रिकामी, फक्त ‘मुलगा’. नाव नंतर घालता येतं, पण त्याला अर्ज, शाळेचा दाखला आणि ग्रामसेवकाची भेट लागते, आणि ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असतात. नोंदच नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला, सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आणि जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्या दोघांची प्रतिज्ञापत्रं. नोंद उशिरा झाली असली तर हाच जोडपुरावा आधीच लावून ठेवावा.

आणि आडनाव. आपल्याकडे अर्धं गाव पाटील. जन्माच्या रजिस्टरात वडील देसले किंवा बोरसे, शाळेत पाटील, पासपोर्टवर पाटील. शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी, पासपोर्टात शेवटी. तिकडच्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसं दिसतात. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र गावी असतानाच करून घ्या, वडिलांच्या नावाचंही. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड आईच्या ट्रंकेत असेल तर तेही न्या. आय-४८५ सोबत आता वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ लागतो आणि जुन्या नोंदींनी काही सुया वाचतात. पोलीस क्लिअरन्स मात्र आय-४८५ वाल्यांना सहसा लागत नाही. तो मुंबईच्या वकिलातीतून इमिग्रंट व्हिसा घेणाऱ्यांचा कागद आहे.

अमेरिकेत परतल्यावर पहिल्या दिवशी आय-९४ डाउनलोड करून पाहा. विद्यार्थी म्हणून शिरलात तर एफ१ आणि डी/एस (ठरावीक तारीख नाही, विद्यार्थी आहात तोवर) लिहिलेलं असेल, परोलवर शिरलात तर डीए. चूक दिसली तर विमानतळाच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात जाऊन ती लगेच दुरुस्त करून घ्यावी. भाच्याचा परोल दिवाळीच्या आधी आला. मग तो गावी आला तेव्हा त्याची बहीण सासरहून खास भेटायला आली होती, आणि त्याच्या आय-९४ वर आता डीए आहे.