गोल नसलेली चाकं

गेले दोन रविवार मी एक तिजोरी उघडत बसलोय. संगणकावरच्या खेळातली. पडद्यावर 0 ते 99 आकड्यांचा डायल, शेजारी नोंदींसाठी कोरं पान, बस्स. भाचीने पाच मिनिटं बघितलं, "मामा, हा गेम आहे की गणिताचा पेपर?" म्हणाली आणि गेली.

तिला स्टेथोस्कोप हवा होता. सिनेमातला चोर तिजोरीला कान लावतो, बरोबर आकड्यावर 'टिक्' होतं आणि दार उघडतं. आवाज कुलपात होतात, पण बरोबर आकडा आला म्हणून एकही होत नाही.

डायलच्या मागून एक दांडा आत जातो. त्याच्या टोकाला कॅम (एक चकती) पक्का बसवलेला. डायल फिरला की तो फिरतोच. त्यामागे तीन चाकं असतात, ती मात्र सुटी. कॅमचा एक फेरा झाला की त्याचा खुंटा पहिल्या चाकाच्या खुंट्याला अडतो आणि त्याला ओढत नेतो, ते चाक आणखी एका फेऱ्याने पुढच्याला. शंटिंगचं इंजिन डबे ढकलून सोडून येतं, तसं दिशा उलटली की लांबचं चाक जिथल्या तिथे राहतं. म्हणून चार फेरे डावीकडे, तीन उजवीकडे, दोन डावीकडे ही कवायत. प्रत्येक चाकाच्या कडेला एक खाच असते. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की वरची आडवी पट्टी त्यांत पडते, तिच्याबरोबर लिव्हर खाली येते, लिव्हरचं नाक कॅमला अडकतं आणि डायल फिरवला की कडी मागे सरकते.

प्रवासी बॅगेच्या नंबरलॉकला 1000 शक्यता असतात. सेकंदाला एक म्हटलं तरी 17 मिनिटांत संपतात. इथे तीन चाकं, प्रत्येकाला 100 आकडे, म्हणजे 10 लाख. एका प्रयत्नाला 20 सेकंद धरले तर रात्रंदिवस फिरवून 231 दिवस. (जन्मतारीख किंवा अंकशास्त्र्याने काढून दिलेला 'शुभ' आकडा लावणारे चोराचे बहुतेक श्रम वाचवतात. दिवस 31, महिने 12, वर्षाचे शेवटचे दोन आकडे 100, म्हणजे 37,200. शुभ आहे खरा, फक्त कोणासाठी ते बघा.)

इथून पुढचं मला सगळ्यात आवडतं, त्यामुळे जरा लांबेल.

कॅमलाही एक खाच असते, उतरत्या कडांची. माझ्या तिजोरीत डायल 3 ते 11 च्या दरम्यान असला की लिव्हरचं नाक तिच्यात डोकावतं. पूर्ण उतरत नाही, कारण पट्टी चाकांवर टेकलेली असते. डायल हळूच इकडेतिकडे केला की नाक आधी एका कडेला, मग दुसऱ्या कडेला लागतं. तो स्पर्श बोटांना कळतो. माझ्या वहीत डावा स्पर्श सव्वातीनला आहे, उजवा 11 ला. अंतर पावणेआठ.

पट्टी तिन्ही चाकांवर सारखी टेकते का? नाही. कुठल्याही कारखान्यात हुबेहूब सारखी आणि अगदी गोल तीन चाकं बनत नाहीत. केसाच्या जाडीएवढा का होईना, फरक राहतोच. पट्टीचा भार सगळ्यात उंच चाकावर येतो. त्या चाकाची खाच पट्टीखाली आली की पट्टी किंचित खचते आणि पुढच्या उंच चाकावर टेकते. नाकही तेवढंच खोल जातं. कडा उतरत्या, म्हणून खोल गेल्यावर जागा अरुंद: डावा स्पर्श साडेतीनला, उजवा पावणेअकराला, अंतर सव्वासात. 8 सेंटीमीटरच्या डायलवर एक घर अडीच मिलिमीटरचं, म्हणजे पाव घर अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त. एवढ्यावर सगळा डोलारा.

मग तिन्ही चाकं एकत्र 0 वर, नंतर अडीचवर, पाचवर असं करत 40 जागांच्या नोंदी घ्यायच्या आणि आलेख काढायचा. जिथे खड्डा, म्हणजे अंतर कमी, तिथे एक आकडा. तो कुठल्या चाकाचा? एकेक चाक दहा घरं बाजूला सारून बघायचं. ज्याच्यामुळे खड्डा बुजला, त्याचा. त्याला जागेवर ठेवलं की दुसरं उंच चाक बोलायला लागतं. म्हणजे 40 गुणिले 40 गुणिले 40 करायचं नाही, 40 अधिक 40 अधिक 40 करायचं. गुणाकाराची बेरीज झाली की कुलूप संपलं. संकेतलेखनतज्ज्ञ पॉल कोकर यांनी 1996 मध्ये संगणकातल्या गुप्त किल्लीबाबत (माहिती कुलूपबंद करणारी लांबलचक संख्या) असंच दाखवलं: आकडेमोडीला लागणाऱ्या वेळेतल्या बारीक फरकांवरून किल्ली तुकड्यातुकड्याने काढता येते.

खेळ लिहिणाऱ्याची अडचण इथेच आहे. संगणकातलं वर्तुळ अगदी गोल असतं. तीन सारखी गोल चाकं ठेवली तर पट्टी तिन्हींवर सारखी टेकेल, आलेख सपाट येईल आणि पुन्हा 231 दिवस. म्हणून प्रोग्रॅमरला यादृच्छिक आकडे वापरून चाकं मुद्दाम वेडीवाकडी करावी लागतात. कारखानदार आयुष्यभर ज्या दोषाशी भांडतो, तो इथे कोड लिहून घालावा लागतो.

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन अमेरिकेत लॉस अलामॉसला अणुबाँबच्या कामावर असताना सहकाऱ्यांची अशाच कुलपांची कपाटं उघडायचे, ते मात्र या वाटेने नाही. आकडा दोन घरं इकडेतिकडे चालतो हे त्यांनी हेरलं, म्हणजे 100 ऐवजी 20 च जागा. कपाट उघडं असताना गप्पा मारता मारता डायलशी चाळा करून शेवटचे दोन आकडे काढून ठेवायचे. उरले 20 प्रयत्न. एका भौतिकशास्त्रज्ञाच्या कपाटाला त्यांनी आधी गणितातल्या पाय (π) या स्थिरांकाचे आकडे लावून पाहिले, मग ई (2.71828...) या स्थिरांकाचे: 27-18-28. उघडलं!

कुलूपवाल्यांनीही हात टेकले नाहीत. अमेरिकेच्या यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेच्या मानकात 'ग्रुप 1' च्या कुलपाने अशा हाताळणीला 20 तास दाद द्यायची नसते. काही कुलपांत डायलच्या मध्यावरची छोटी मूठ फिरवेपर्यंत पट्टी चाकांना शिवतच नाही. काहींत चाकांवर खोट्या उथळ खाचा कोरलेल्या असतात.

माझा खेळ आता त्या पायरीवर आलाय. 40 नोंदी झाल्या, आलेखात खड्डे सात. 35 चा सगळ्यात खोल दिसतो, म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास नाही. साडेसदुसष्टच्या आसपास आता अर्ध्याअर्ध्या घराने नोंदी घेतोय.